कप्तानाला उचललं ते साल

मित्रांनो, मला मैदानात आणलं की प्रेक्षक एकदम गप्प होतात. चाललेल्या टाळ्या थांबतात, बाकांवर बसलेल्या आया उठून उभ्या राहतात. मी एका छोट्या रग्बी संघाचं स्ट्रेचर आहे आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे. दोन लाकडी दांडे, मधे जाड कापड आणि हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या चार मुठी. एवढाच माझा संसार.

माझा जन्म तंबू शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. माझं कापड शिवणाऱ्या बाई अंगाने भरलेल्या आणि बोलायला कमी. शिवण पुरी झाल्यावर त्या स्वतःच माझ्यावर आडव्या झाल्या. चौघींनी मिळून मला उचललं. बाईंनी वर पडल्यापडल्या जरा हलून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं वजन पेललं ना? मग कुणाचंही पेलेल." सगळ्या जणी पोट धरून हसल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

सुरुवातीची वर्षं मी एका दवाखान्यात काढली. पुढे तिथे चाकांची स्ट्रेचरं आली आणि मी जिन्याखाली गेलो. तिथून या संघाने मला मागून नेलं. मला वाटलं, चला, पुन्हा कामाला लागलो. पण कसलं काय! संघाच्या पत्र्याच्या खोलीत माझ्यावर पाण्याचे कॅन ठेवले जात. भिजलेले शर्ट वाळत घातले जात. सरावाला लवकर आलेला एखादा गडी माझ्यावर पडून घोरत असे. माझं कापड ओलीने कुजत चाललं होतं. एका कोपऱ्याला उंदरांनी दात लावले होते.

तुमच्यापैकी काहींनी रग्बी पाहिली नसेल, म्हणून थोडं सांगतो. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने मिठी मारून पाडायचं, हा झाला साधा भाग. मधूनमधून स्क्रम होतो. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांचे खांदे घट्ट धरून वाकतात, समोरच्यांच्या डोक्यांत डोकी गुंतवतात आणि सगळा जोर लावून रेटतात. पहिल्या रांगेत मधे जो असतो, त्याचे दोन्ही हात सोबत्यांच्या खांद्यांवर अडकलेले असतात. तो पडला, तर टेकायला हातसुद्धा मोकळा नसतो.

आमचा कप्तान त्या जागेवर खेळायचा. पेशाने गवंडी. मान अशी, की शर्टाचं वरचं बटण कधी लागायचं नाही. त्याची थोरली बहीण दवाखान्यात नर्स होती आणि सामन्यांच्या वेळी औषधांची पेटी घेऊन संघाबरोबर यायची. कप्तान तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळा संघ तिला ताई म्हणायचा. संघाला शिकवणारे मास्तर तिच्या वडिलांच्या वयाचे, पण तेही ताईच म्हणायचे, आणि तिला जरा भिऊनच असायचे.

त्या साली चषकाचे सामने जवळ आले, तेव्हा ताईने मला पत्र्याच्या खोलीतून ओढून बाहेर काढलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"स्ट्रेचर आहे, ताई," कप्तान म्हणाला.

"हे स्ट्रेचर? यावर मांजर झोपलं तरी खाली पडेल!"

"अगं, लागतंय कुणाला? आपण पहिल्याच फेरीत घरी येतो."

आणि ते खरं होतं. चषकाची स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की संपलं. आमचा संघ वर्षानुवर्षं पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत गारद व्हायचा. पण ताईने काही ऐकलं नाही. ती मला घरी घेऊन गेली. तिच्या आईने जुनं कापड उसवून नवं जाड कापड घातलं. शिवताना शिलाई मशीनच्या दोन सुया मोडल्या, तेव्हा आईने मला आणि रग्बीला एकत्रच बोल लावले. ताईने माझे दांडे पुसून तेल चोळलं. डाव्या दांड्याला एक बारीक चीर दिसली, तशी तिने भावाला हाक मारली.

"हा दांडा बदलायला हवा."

"बदलतो ना. पुढच्या आठवड्यात नक्की."

तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही, कारण सामने सुरू झाले.

पहिल्या फेरीत आम्ही चिखलात खेळलो आणि जिंकलो. संघात एक टपालवाला होता. दिवसभर सायकल मारून त्याच्या पायांत विलक्षण ताकद आली होती. शेवटच्या क्षणी त्याने लांबून मारलेला चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. दुसरी फेरी परगावी होती. तिथे समोरच्या संघातल्या एका पोराचा घोटा मोडला आणि त्यांच्याकडे स्ट्रेचरच नव्हतं. आमच्याच गड्यांनी त्याला माझ्यावर घालून गाडीपर्यंत नेलं. पोरगा वेदनेने कळवळत होता, तरी जाताजाता म्हणाला, "माझ्या जागी कोण येतंय? त्याला सांगा, उजवीकडून पळू नको, तिथे खड्डा आहे!" माझं नवं कापड त्या दिवशी पहिल्यांदा मळलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग उपांत्यपूर्व फेरीही जिंकलो. आता गावात बोलबाला झाला. न्हाव्याच्या दुकानात रग्बीशिवाय दुसरा विषय निघेना. ज्यांनी जन्मात चेंडू हातात धरला नव्हता, ते मास्तरांना वाटेत अडवून सल्ले देऊ लागले.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. समोरचा संघ मोठा आणि नावाजलेला. त्यांचा कप्तान दरवाज्याच्या चौकटीत मावणार नाही असा धिप्पाड होता. तरी आमच्या पोरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. सामना संपायला थोडाच वेळ उरला होता आणि आम्ही अगदी थोडक्याने पुढे होतो. तेवढ्यात आमच्या बाजूच्या दूरच्या कोपऱ्यात स्क्रम लागला.

दोन्ही बाजू भिडल्या. ओल्या मातीत कुणाचा तरी पाय घसरला आणि सगळा ढीग कोसळला. पंचाने शिट्टी फुंकली. एकेक गडी उठला. कप्तान उठला नाही.

तो पालथा पडला होता. तोंड एका कुशीला, गालाला चिखल. दोघांनी त्याला बगलेत धरून उठवायला हात घातला, तशी ताईची हाक मैदानभर घुमली. "कुणी हात लावायचा नाही!"

ती धावत आली, चिखलात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांमध्ये भावाचं डोकं धरलं.

"ताई," तो म्हणाला, "मला पाय जाणवत नाहीत गं."

"बरं. तू मान हलवू नको. फक्त बोल माझ्याशी."

"कुठे आहेत माझे पाय?"

"जिथे असतात तिथेच आहेत. मी बघतेय ना."

तिचा आवाज जराही हलला नाही. मला तिच्या शेजारीच आणून ठेवलं होतं, मित्रांनो. तिच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती.

रुग्णवाहिका फाटकापाशी उभी होती. चिखलामुळे ती आत येईना. म्हणजे कप्तानाला आख्खं मैदान पार करून न्यायचं होतं. ताईने डोकं धरून ठेवलं आणि बाकीच्यांना एकेक जागा नेमून दिली. "मी तीन म्हटल्यावर, सगळ्यांनी एकदम वळवायचं. एखादा पुढे, एखादा मागे चालणार नाही." तिने आकडे म्हटले. त्याला एका लाकडी फळीसारखा सरळ वळवून त्यांनी माझ्यावर घेतला. मग मला उचललं. पुढच्या उजव्या मुठीला आमचा टपालवाला होता आणि डाव्या मुठीला, कुणी न बोलावता आलेला, समोरच्या संघाचा तो धिप्पाड कप्तान.

चीर त्याच दांड्यात होती.

पहिल्या पावलाला ती करकरली. आजवर मी इतकी माणसं वाहिली, पण असा घाबरलो कधीच नव्हतो. दांडा मधेच गेला असता तर? ताईनेही तो आवाज ऐकला. तिचे दोन्ही हात अडकलेले. ती एवढंच म्हणाली, "दांड्याखाली हात घाला." त्या धिप्पाड गड्याने मूठ एका हातात ठेवली आणि दुसरा हात दांड्याखाली घालून तो जवळजवळ छातीशी धरला. आणखी दोघे मधे शिरले. प्रेक्षकांतून कसलाही आवाज नव्हता. पावसाचा आणि चिखलात रुतणाऱ्या बुटांचा तेवढा येत होता. मी टिकलो. फाटक आलं.

सामना पुढे झाला. पंचांनी उरलेला वेळ स्क्रममध्ये कुणी रेटायचं नाही असं ठरवून खेळवला आणि आम्ही जिंकलो. पण एकानेही उडी मारली नाही. सगळा संघ तसाच चिखलाने माखलेला दवाखान्यात आला. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, म्हणून पायऱ्यांवर बसून राहिला. हरलेला धिप्पाड कप्तानही त्यांच्यात येऊन बसला होता. कुणी त्याला विचारलं नाही, तू इथे कसा.

मला कप्तानाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर अजून काही बोलले नव्हते. आई पलंगाशेजारी बसून त्याच्या हातावरचा वाळलेला चिखल नखाने काढत होती. ताई खिडकीशी उभी.

मग कप्तान म्हणाला, "ताई, जरा तळपाय खाजव ना."

ताई वळली. "काय म्हणालास?"

"तळपाय. डावा. केव्हाचा खाजतोय."

"खाजतोय?"

"अगं हो! मला वाकू देत नाहीत, नाहीतर मीच..."

ताईने चादर भिरकावली आणि तळपाय खाजवायला लागली. खाजवताखाजवता ती रडायला लागली, अशी की इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कप्तानाने पाय आखडून घेतला. "हळू गं, गुदगुल्या होतात!" पाय हलला, तो आईने पाहिला. तिने मुलाच्या दोन्ही पावलांवर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली.

डॉक्टर आले. मानेतल्या नसांना जोराचा दणका बसला होता, पण तुटलं काही नव्हतं. पाय परत येतील. भिंतीही पुन्हा बांधता येतील. फक्त स्क्रममध्ये आता कधीच जायचं नाही. "आणि याला तसाच ओढून उभा केला असता," डॉक्टर म्हणाले, "तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोलत असतो."

ताईने पायऱ्यांवर जाऊन बातमी सांगितली. त्या चिखलाने माखलेल्या माणसांचा जीव भांड्यात पडला तो आवाज मला आत ऐकू आला. टपालवाला म्हणे शिट्ट्या मारत नाचला. धिप्पाड गडी आत भेटायला आला आणि दाराशीच अडखळला. "माझ्याच रेट्याने झालं असेल तर..."

"अरे, माती ओली होती," कप्तान म्हणाला. "तुझा रेटा कसला! मला तर जाणवलाही नाही."

मग मात्र तो धिप्पाड माणूस हसला.

अंतिम सामना पुढे ढकलला गेला होता, तो होईपर्यंत कप्तान मानेला पट्टा बांधून चालायला लागला. "शेवटचा एकच खेळतो" असं त्याने एकदाच म्हणून पाहिलं. ताईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो विषय तिथेच मिटला. त्याच्या जागी संघातला एक बेकरीवाला खेळणार होता. बिचाऱ्याचं धाबं दणाणलं होतं. कप्तान रोज संध्याकाळी मैदानावर बसून त्याला पाय कसे रोवायचे, पाठ कशी सरळ ठेवायची, हे पुन्हापुन्हा सांगायचा. माझा डावा दांडाही त्याच दिवसांत बदलला गेला. कप्तानाने सुताराशेजारी बसून तो करून घेतला.

अंतिम सामना कसा झाला म्हणता? अगदी रटाळ! ऊन पडलेलं, जमीन कोरडी. दोन्ही संघ जपून खेळले. एकही ट्राय झाला नाही, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं कुणालाच जमलं नाही. समोरच्याची चूक झाली की मिळणाऱ्या नुसत्या पेनल्टीच्या लाथा. एकदा बेकरीवाला स्क्रममधून उठायला वेळ लावू लागला आणि ताई माझ्या मुठीला हात घालून उभी राहिली. पण तो फक्त बुटाची नाडी बांधत होता. टपालवाल्याच्या लाथांवर आम्ही चषक जिंकला. प्रेक्षकांतले अर्धे जांभया देत होते.

"असला कंटाळवाणा सामना मी जन्मात पाहिला नाही," कप्तान कुरकुरला.

"मला तर फारच आवडला," ताई म्हणाली.

मलाही, मित्रांनो. त्या दिवशी माझ्यावर कुणीही निजलं नाही.

पोरांना कप्तानाला खांद्यावर घ्यायचं होतं. ताई ओरडली. मग कुणीतरी म्हणालं, स्ट्रेचरवर बसवून मिरवू. कप्तानाने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवता येत नव्हती म्हणून बोट हलवलं. "त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण आज मी चालत जाणार." आणि तो चालत गेला. जरा लंगडत, सावकाश, आख्खं मैदान पार करून. मानेच्या दणक्याने उजव्या हाताची पकड अजून कच्ची होती, म्हणून चषकाचा एक कान बेकरीवाल्याने धरला.

आता कप्तान लहान मुलांना शिकवतो. खेळ शिकवण्याआधी तो मला मैदानात मांडतो. कुणी पडलं तर ओढायचं नाही, हलवायचं नाही, मोठ्यांना हाक मारायची, हे आधी घोकून घेतो. तुम्हीही घोका, मित्रांनो. तुमच्या शाळेत, मैदानावर, घरात जे प्रसंगाला लागतं, ते अडगळीत कुजू देऊ नका. ते लागू नये अशीच इच्छा करा, पण लागेल म्हणून धडधाकट ठेवा. चीर दिसली की त्याच दिवशी बुजवा.

मुलांचं घोकून झालं की त्यांच्यातलं एक खोटंखोटं माझ्यावर झोपतं. ताई आकडे म्हणते. बाकीची मुलं दात-ओठ खाऊन मला एकदम उचलतात, फाटकापर्यंत नेतात आणि अलगद खाली ठेवतात. आणि वरचं मूल टुणकन उठून पळत सुटतं.