पाचशे तीनमध्ये कोण राहतं

ऐक ना, मधे काही बोलू नकोस, नुसतं ऐक. पुतळाबाई दुसऱ्या कपात चहा ओततायत आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते. दारात दिनानाथ, सोसायटीचा सेक्रेटरी. हातात मोबाईल, चेहरा एकदम पोलिसासारखा.

द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीतली बिल्डिंग, निम्मे फ्लॅट कुलूपबंद. लिफ्ट मजल्यावर थांबली की पुतळाबाई उठून दारापाशी जायच्या, आणि ती दरवेळी दुसऱ्याच कुणासाठी थांबलेली असायची. नवरा गेलेला, मुलगा रणजीत मस्कतला. चर्च पार पनवेलला, न्यायला कोणी आलं तरच जाणं. मग काय, त्या प्रभूशीच बोलायच्या. मनातल्या मनात नाही हां, चांगलं मोठ्यानं. "प्रभू, आज भाजी खारट झालीया, सांभाळून घे." चहाच्या वेळी त्याचाही कप. गार झाला की तोही त्याच प्यायच्या, दूध-साखर वाया कशाला घालवायची. कधी कधी त्यांनाच वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. पण कप समोर सरकवला की घर जरा भरल्यासारखं व्हायचं.

आणि भिंतीपलीकडे राहते वैशाली. तिनं कमिटीत सांगून टाकलं, पुतळाबाईंनी पाचशे तीनमध्ये कोणालातरी ठेवलंय, नोंद न करता.

"मावशी, भाडेकरू ठेवलाय का?"

"न्हाई ओ."

"मग रोज बोलता कुणाशी?" दिनानाथनं मान तिरकी करून आत बघितलं. टेबलावर दोन कप, दोन्हींतून वाफ. "तो दुसरा कुणाचा?"

आता बघ, 'माझाच' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी तोंड उघडलंही. पण नुसत्या पदराला हात पुसत राहिल्या. समोर बसवलंय त्यालाच नाही कसं म्हणायचं?

आणि खरं सांगायचं तर रणजीतचं टेन्शन. मागच्या महिन्यात फोनवर "आमी जेवलो" असं तोंडातून निघून गेलं, तर केवढा भडकला होता.

"आम्ही म्हणजे कोण, आई? परत असं बोललीस ना, तर फ्लॅट बंद करून तुला आश्रमात ठेवीन. इथं मला झोप लागत नाही."

आणि तो बोलला की करतोच.

"नाव सांगा ना मावशी," दिनानाथ म्हणाला. "एवढं काय लपवायचं? पोलीस व्हेरिफिकेशन करावं लागतं."

"त्याचं कसलं व्हेरिफिकेशन करता तुमी," पुतळाबाई पुटपुटल्या.

झालं. दिनानाथनं सरळ मस्कतला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"रणजीत, तुमच्या आई काही सांगत नाहीयेत. घरात आणखी कोणी राहतं का?"

पलीकडे एसीची घरघर, आणि त्यातून रणजीतचा आवाज.

"आई, तू एकटीच आहेस ना?"

पुतळाबाईंनी त्या कपाकडे बघितलं. वाफ विरत आली होती.

"न्हाई रे," त्या म्हणाल्या. "एकटी न्हाई मी. आश्रमात ठेव, कुठंबी ठेव. पर एकटी हाय असं माझ्या तोंडून वदवू नको."

दिनानाथ गडबडला. आता हा ओरडणार, आणि ते आपल्याला ऐकावं लागणार. स्पीकर बंद करायला त्याचं बोट पुढं गेलं.

रणजीत ओरडलाच नाही.

"आई," मग आवाज आला, एकदम बारीक. "मग त्याला थोडे दिवस माझ्याकडं पाठव की. इथं रूमवर कोणीच नाहीये गं."

टोमणा मारत होता की रडत होता, काही कळेना. दिनानाथनं मोबाईल गुपचूप त्यांच्या हातात दिला आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. पुतळाबाई फोन कानाला लावून त्या कपाकडे बघत उभ्या.

सांग ना, तू असतीस तर काय म्हणाली असतीस त्याला?