‘सॉरी’ची मालकी

कॅनडातल्या आमच्या पीटरबरो गावात ‘सॉरी’ हा शब्द सर्वांचा होता. परंतु ‘सॉरी’ हे युजरनेम एकट्या डेसमंड ऑस्ट्रँडरचे होते. ते त्याला मिळाले कसे, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. लोक एकमेकांना निरोप लिहितात ते ॲप तेव्हा नुकतेच निघाले होते. खाते उघडताना डेसमंडकडून भलतेच बटण दाबले गेले, यंत्राने तांबड्या अक्षरांत त्याला चूक दाखवली, आणि समोर जो रकाना रिकामा होता त्यात त्याने, आमच्याकडचा कोणीही सुसंस्कृत मनुष्य करील तेच केले: यंत्राची क्षमा मागितली. तो रकाना नावाचा होता.

तेव्हापासून जगातला कोणीही घाईने वा हौसेने त्या शब्दाआधी ‘@’ हे वेटोळे चिन्ह टाकी, की त्याची दिलगिरी थेट डेसमंडच्या फोनवर येऊन पडे. दुसरा कोणी वैतागून खाते बंद करता. डेसमंडने क्षमा करायला आरंभ केला. दिवसभर तो मुलांना मोटार चालवायला शिकवी; सकाळी मात्र कॉफीचा पेला हाती घेऊन कोणाच्या टपालपेटीवर गाडी घालणाऱ्याला, सासूच्या वाढदिवशी झोपून राहिलेल्याला, मांजराच्या शेपटीवर पाय देणाऱ्याला तो एकेक करून लिही, ‘जाऊ दे, होतं असं.’ त्या वेळी त्याच्या मुद्रेवर जे तेज असे, ते मी आमच्या बिशपच्याही मुद्रेवर पाहिलेले नाही.

हे युजरनेम टोरांटोच्या एका शुभेच्छापत्रांच्या कंपनीला हवे झाले. मोबदल्यात ती डेसमंडच्या तळ्याकाठच्या घराला नवा लाकडी धक्का बांधून देणार होती. जुन्या धक्क्याच्या फळीतून त्याच्या बायकोचा, लॉरेनचा, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला होता. लॉरेन मूळची सरहद्दीपलीकडच्या, अमेरिकेतल्या बफलोची. इतकी वर्षे आमच्यात राहूनही तिने कोणाची माफी मागितल्याचे ऐकिवात नव्हते.

सौद्याच्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बोलावले होते, कारण निवृत्तीपूर्वी मी नोटरी होतो. मी पोचलो तेव्हा डेसमंड स्वयंपाकघरात पडेल चेहऱ्याने फोन कुरवाळीत बसला होता.

“तुला विकायचं नाहीये ना?” लॉरेन म्हणाली. “मग सांग तसं तोंडानं!”

“अगं, पण ती कंपनीची बाई बिचारी एवढ्या बर्फातून गाडी चालवत येतेय.”

“धन्य आहे! बर्ट्रम, तू तरी सांग याला काहीतरी.”

“सांगतो,” मी म्हणालो. “डेसमंड, तू जे विकतोयस ते मुळात तुझं नाहीच. नियम वाचलेस का? नाव ॲपचं. तू फक्त त्याच्यावर बसलायस. बसणं वेगळं आणि मालकी वेगळी.”

“असं?” लॉरेन कमरेवर हात ठेवून म्हणाली. “कॉफीच्या दुकानातलं खिडकीजवळचं टेबल कुणाचं रे, बर्ट्रम?”

“माझं,” मी तत्काळ उत्तरलो.

माझा युक्तिवाद तेथेच संपला.

इतक्यात कंपनीच्या एन्सली मॉफट आल्या. बर्फाळ बूट दारात काढल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. ते काढायला लावल्याबद्दल डेसमंडने मागितली. मग त्यांनी रीत समजावली.

“नावं विकायला परवानगी नसते. म्हणून सगळे असंच करतात. तुम्ही तुमच्या खात्याचं नाव बदलायचं, म्हणजे ‘सॉरी’ मोकळं होईल. की लगेच मी घ्यायचं. मधे क्षणभर ते कुणाचंच नसतं, म्हणून जरा घाई करायची. जगात कितीतरी लोक टपून बसलेत.”

डेसमंडने डोळे मिटले आणि बटण दाबले. ‘सॉरी’ मोकळे झाले.

त्यानंतर जे घडले ते आमच्या मुलखाबाहेर घडणे अशक्य आहे. आमच्याकडे चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात चार गाड्या एकदम आल्या, तर प्रत्येक चालक दुसऱ्याला हात करून ‘आधी तुम्ही’ म्हणतो, आणि चौघेही तेथेच उभे राहतात. हा शिष्टाचार डेसमंडने अर्ध्या गावाला शिकवलेला आहे.

“घ्या,” डेसमंड म्हणाला.

एन्सलीबाईंचे बोट अधांतरी थांबले. “तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय. तुम्हाला आणखी एक मिनिट हवंय का?”

“छे छे, तुम्ही घ्या.”

“नाही, मला वाटतं तुम्हीच परत घ्या. मी नंतर येईन.”

“असं कसं? एवढ्या लांबून आलात. आधी तुम्ही.”

“अहो, नाही, खरंच, तुम्ही.”

“माझ्यामुळे खोळंबा होतोय का?” मी विचारले, कारण गप्प राहणे मला उद्धटपणाचे वाटू लागले होते.

“नाही हो, मुळीच नाही!” दोघेही एकदम म्हणाले, आणि एकदम बोलल्याबद्दल त्यांनी एकमेकांची क्षमा मागितली.

“अरे देवा, काय माणसं आहात तुम्ही!” लॉरेन ओरडली. तिने ओट्यावरचा स्वतःचा फोन उचलला, दोन अंगठ्यांनी टकटक केले आणि तो टेबलावर आपटला. “घेतलं मी.”

‘सॉरी’ आता लॉरेनचे झाले होते. त्या घरात ज्या एकाच माणसाला ते नाव शोभत नव्हते, नेमके त्याच्याकडे ते गेले होते. आधी एन्सलीबाईंना हसू फुटले, मग डेसमंडला, मग मला. आम्ही टेबल धरून हसत होतो.

“हसा, हसा,” लॉरेन म्हणाली आणि एन्सलीबाईंकडे वळली. “हे बघ बाळ, आता मी सोडते आणि तू पटकन घे. आधी तुम्ही, आधी तुम्ही केलंस तर कान धरीन.”

पण ती सोडणार, तोच फोन वाजला. विनिपेगच्या कोणी गृहस्थाने लिहिले होते: ‘भावाची होडी न विचारता नेली आणि खडकावर फोडली. @सॉरी.’

“जाऊ दे म्हण त्याला,” डेसमंड कळवळून म्हणाला.

“जाऊ दे? होडी फोडली त्यानं!” लॉरेन बसली आणि लिहू लागली: ‘भावाला सांगितलंस का?’

‘अजून नाही.’

‘मग मला काय सांगतोस? त्याला फोन कर. मी थांबलेय इथे.’

आम्ही सगळे थांबलो. कॉफी निवली. एन्सलीबाईंनी कोपराखालचा टोस्ट न पाहताच खाऊन टाकला. तो माझा होता. अखेर उत्तर आले: ‘केला. आधी भांडला, मग हसला. शनिवारी जेवायला बोलावलंय.’

डेसमंडने टोपी हवेत उडवली. एन्सलीबाईंनी टाळ्या पिटल्या आणि मग त्यांना आपली नोकरी आठवली.

“आमच्या कार्डांनी असं कधी कुणाचं झालेलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“होणारही नाही,” लॉरेन म्हणाली. “नाव विकायचं नाही. तुझ्या साहेबांना सांग, बफलोची एक बाई आडवी आली.”

“आणि धक्का?” डेसमंडने विचारले.

“तो तू बांधायचास. फळ्या मी धरीन.”

एन्सलीबाई गेल्यावरही डेसमंड दारातच घुटमळला. विक्री मोडल्याने त्याचा जीव भांड्यात पडला होता, हे दिसत होते. पण ते नाव आता त्याच्या हाती नव्हते, हेही दिसत होते. क्षमेखेरीज तो जन्मात काही मागत नसे.

“लॉरेन,” तो म्हणाला, “सकाळचे थोडे निरोप मला देशील?”

तिने शेजारची खुर्ची पायाने मागे सारली.

“ये. सोपे तुझे, अवघड माझे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकावलो, तेव्हा दोघांत एका फोनवरून जुंपली होती. हॅलिफॅक्सच्या कोणा बाईने शेजारणीचे लझानियाचे भांडे वर्षभर परत केले नव्हते.

“हे सोपं आहे, माझंय!” डेसमंड म्हणत होता. “जाऊ दे, होतं असं.”

“थांब,” लॉरेनने त्याचे मनगट धरले. “आधी विचार, रिकामंच परत करणार आहे की काही भरून?”

डेसमंडने क्षणभर विचार केला, आणि आयुष्यात प्रथमच क्षमा करण्यापूर्वी त्याने प्रश्न टाइप केला.