कड मऊ करू नका

मित्रांनो, माझा लाल दिवा आता मिणमिणतो आणि डावं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. कॉम्प्युटरचा म्हातारा माउस मी. कारखान्यातून खोक्यात बसून निघालो, तो थेट एका फोटो स्टुडिओच्या टेबलावर उतरलो. तिथे मला कातरकाकूंचा हात लाभला.

हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. एका फोटोतलं माणूस कातरून दुसऱ्यात बसवावं ते काकूंनीच. नुसतं कापलेलं माणूस पुठ्ठ्याच्या बाहुलीसारखं दिसतं. म्हणून त्याची कड जराशी विरघळवायची, मागच्या रंगात मिसळू द्यायची. त्या वेळी काकूंची बोटं इतकी हलकी पडत की मला गुदगुल्या होत. "कुठे जोडलंय ते शोधून दाखवा!" असं मालक पैज लावून सांगत. माझीही छाती फुगे.

एकदा चाळिशीचे एक गृहस्थ आले. एका फोटोत त्यांच्या नव्या घरातली अठरा माणसं, दुसऱ्यात एकटी आई.

"आई राहिली यात. तेवढी मधोमध बसवा," ते म्हणाले.

काकूंनी सुस्कारा सोडला. अशा कामाला आलेल्या माणसाला त्या काही विचारत नसत. खपली कशाला काढायची? गेलेल्या माणसाची कड त्या नेहमीपेक्षा जास्त मऊ करत, भोवती फिकट उजेड ठेवत. या आईचा तर केसन् केस त्यांनी दुपारभर सोडवला. गृहस्थांनी फोनवर बोलता बोलताच फ्रेम काखेत मारली. "छान झालंय," म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी काकू एका बाळाच्या कानाभोवती रेघ ओढत होत्या. समोर कुणीतरी फ्रेम ठेवली.

"हा फोटो तुम्हीच केलात ना?"

माझ्यावरचा हात झटक्यात सरकला. रेघ बाळाच्या गालावरून आरपार गेली. समोर तीच आई उभी होती!

"माझी नात विचारते, आजी, तू धुरातून का येतेयस?"

"मला... मला वाटलं, तुम्ही गेलात," काकू कशाबशा म्हणाल्या.

"कुठे?"

मग खुर्ची करकरली. आजी मटकन बसल्या होत्या.

"जाते कुठे! आतच होते मी. अठरा जणांची ताटं वाढत होते. बाहेर हशा ऐकू आला. फोटो काढत होते, होय?"

त्यांना घेऊन आलेला मुलगा, तेच गृहस्थ, दारातच खिळला. "आई, मला वाटलं तू मागच्या रांगेत आहेस."

"आणि नाही हे कळल्यावर? मला विचारायचंस की इथे यायचंस?"

त्याने आत येऊन फ्रेम हळूच पालथी घातली.

"आत्ता नीट करून देते," काकू घाईने म्हणाल्या. "कुणाला ओळखूसुद्धा येणार नाही."

"नको. कड मऊ करू नका. मला चिकटवलेय, तर चिकटवलेलीच दिसू द्या. येता-जाता टोचू दे सगळ्यांना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकूंनी एका माणसाची कड सुरीसारखी धारदार सोडली. मुलाने ती फ्रेम या वेळी दोन्ही हातांनी उचलली.

त्या दिवसापासून काकू प्रत्येकाला आधी विचारू लागल्या, "माणूस हयात आहे ना?" लोक दचकत. एक जण तर स्वतःचाच फोटो घेऊन आला होता!

पुढे बिनवायरचा माउस आला आणि माझी रवानगी खणात झाली. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण घरात फोटो काढाल तेव्हा आधी डोकी मोजा. आत हाक मारा. ओले हात पुसत कुणी बाहेर येत असेल, तर त्याला येऊ द्या. तेवढा वेळ कॅमेरा थांबतो.