फ्रँकफुर्टला पाऊण तास

सगळ्यांना कमी वेळाच्या थांब्याचंच तिकीट हवं होतं. अमेरिकेतल्या माझ्या भावाला, बुद्धघोषला, वाटत होतं की आई-अप्पांनी परक्या विमानतळावर ताटकळत बसू नये. आणि आईला नातू बघायचा होता. तिच्यापाशी वेळ नव्हता.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. आईला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच होता आणि डाव्याचं, आहे तोवर आहे, असं सांगून बारामतीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आधी बाजूचं दिसायचं बंद झालं, मग उरलेलं आक्रसत चाललं. "फुकणीतनं बघितल्यावाणी दिसतंय गं," ती म्हणायची. नातू दोन वर्षांचा झाला होता. फोटो डाव्या डोळ्याशी धरून तिनं त्याला जेवढं पाहिलं तेवढंच.

मुंबईहून फ्रँकफुर्ट, तिथं विमान बदलायचं, मग डेट्रॉइट. बदलायला पाऊण तास. "पाऊण तास म्हणजे रग्गड झाला, मॅडम," आमचा तिकीटवाला रामहरी म्हणाला. "लोक पळत जातात." दुसरं तिकीट होतं ते सकाळी उतरून संध्याकाळी निघायचं, पण ते तो उगाच सांगायचं म्हणून सांगत होता. ते कुणी घेत नाही म्हणाला.

पळत जातात म्हणे! अप्पा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. सगळी नोकरी इंदापूर तालुक्यात झाली. वाटेतली पाटी मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडत नाही. मंडईत जायला निघाले की चार ठिकाणी थांबणार, ओळखीचा माणूस दिसला की त्याच्या सासुरवाडीपर्यंत चौकशी करणार. आणि आई त्यांच्या सदऱ्याची बाही धरून मागं. चाकाची खुर्ची मिळते असं रामहरीनं सांगितलं तर आई भडकलीच. "मला काय पाय न्हाईत? चाकावर बसून डोळं येत्यात व्हय?"

मी थकले होते, हे सरळ सांगते. दिवसभर बँकेचं काउंटर, घरी आल्यावर आईच्या डोळ्यांतले थेंब, अप्पांच्या गोळ्या, आणि रविवारी फोनवरून भावाचे सल्ले. पाऊण तासाचं तिकीट काढावं आणि एकदाचं मोकळं व्हावं, असं फार वाटत होतं. रामहरीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. पण तिकडं विमान चुकलं तर हे दोघं कुठं बसतील, कुणाला विचारतील, या विचारानं झोप उडाली होती. शेवटी मी बँकेत रजा टाकली आणि दोघांना म्हटलं, चला, आपण तालीम करू.

तालीम अशी ठरली. बारामतीहून एस.टी.नं इंदापूर. इंदापूर म्हणजे फ्रँकफुर्ट. तिथं उतरून फलाट शोधायचा आणि अकलूजची गाडी धरायची. मी पुढं जाऊन गाडीपाशी उभी राहणार, पण मदत करणार नाही.

"आणि मधी कुणाशी बोलायचं न्हाई, अप्पा," मी बजावलं.

"न्हाई बोलत," अप्पा म्हणाले आणि खिडकीतून "लासुर्णे" असं मोठ्यानं वाचलं.

इंदापूरला उतरले ती मी तडक अकलूजच्या गाडीकडं गेले. लांबून दोघं दिसत होती. बरी चालली होती, अगदी सरळ. मला हायसं वाटलं. तेवढ्यात अप्पा थांबले. पाना हातात घेऊन एक मेकॅनिक बाजूनं चालला होता. त्याचं लक्षही नव्हतं, अप्पांनीच त्याला हाक मारली. "सिद्धू! सिद्धूच न्हवं का तू?" तो लगबगीनं आला, "जय भीम, गुरुजी" म्हणत पाया पडला. मग त्याची आई, त्याचा भाऊ, भावाची नोकरी, एकेक चौकशी निघाली. इकडं कंडक्टरनं घंटी मारली. मी हात केले, हाका मारल्या. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा सिद्धूकडं वळले. अकलूजची गाडी माझ्यासमोरून निघून गेली.

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा गेले. सिद्धू बिचारा पाना घेऊन सटकला.

"तुमाला इमानात न्हाई, बैलगाडीत घालून पाठवायला पायजे! आईचे डोळे राहिलेत किती, आणि तुमाला गप्पा सुचत्यात?"

आईला अप्पांनी नळापाशी नेलं, पाणी पाजलं, बाकावर बसवलं आणि माझ्याकडं परत आले.

"अंजे, हळू बोल," ते म्हणाले. "ती माझी बाही धरून चालती न्हवं का? चालताना धरणं घट्ट असतंय. ढिलं झालं की मी समजतो, हिला कायतरी दिसलं. मग थांबतो."

मला काही कळेना.

"नुसता थांबलो तर ती वळखती. लाजती, चला म्हणती. म्हणून कुणाशी तरी बोलत ऱ्हायाचं, न्हाईतर पाटी वाचायची. तिचं बघून झालं की बाही परत वढती. मग निघायचं."

"आत्ता काय दिसलं तिला?"

अप्पांनी मान वळवली. फलाटाच्या कडेला एक बाई मांडीवरच्या पोराचं नाक पुसत होती आणि पोरगं हातपाय झाडून तिच्या हातातून निसटत होतं. बाकी काही नव्हतं.

मंडईत, डॉक्टरांच्या जिन्यात, बँकेसमोर, जिथं जिथं मी या माणसावर खेकसले होते ते सगळे थांबे एकदम डोळ्यांसमोर आले. डोळ्यांत पाणी आलं ते मी तिथंच, लोकांच्या देखत, पदरानं पुसलं.

आई बाकावरून म्हणाली, "चुकली न्हवं का गाडी? ह्यांचं हे असंच. जलमभर माझ्या गाड्या चुकवल्यात."

"व्हय, माझंच चुकलं," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी आम्ही रामहरीकडं गेलो. मी त्याला सांगितलं, मोठ्या थांब्याचं तिकीट काढा. सकाळी उतरायचं, संध्याकाळी निघायचं, तेच. तो माझ्याकडं बघतच राहिला. "अहो, लोक उलटं मागतात. दिवसभर करतील काय ही दोघं तिथं?"

"बसतील, बघतील," मी म्हटलं.

तो फोनकडं वळला तशी मी अप्पांच्या कानाशी लागले. माझ्या मनात एकच राहिलं होतं. "पण तितं वळखीचं कोण भेटणार तुमाला?"

"पाट्या असतील की," अप्पा हळूच म्हणाले.

आईचे डोळे अधू झाले तरी कान तिखट. "तितं तरी पाट्या वाचत बसू नका म्हणावं ह्यास्नी," ती म्हणाली. "लोकं हसतील."

"वाचू दी की गं, आई," मी म्हटलं. "लई येळ हाय आता."