एका पानावर तीनदा तोच शब्द

मी एक जुना इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश आहे. मित्रांनो, वय झाले म्हणून मी खाली मान घालून बोलेन, अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर एक आळ आला होता. तो मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही.

माझा जन्म छापखान्यातला. माझी बारीक अक्षरे जुळवताना तिथल्या कामगाराच्या डोळ्यांना पाणी येई. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचे भाईबंद बसवलेले आणि प्रत्येकाखाली त्याचा वेगळेपणा सांगणारी एक ओळ. त्या ओळीतच माझा जीव आहे. पण ती वाचतो कोण?

तिथून मी भाषांतराच्या एका ऑफिसात आलो. जिना चढून डावीकडची खोली, दोन टेबले आणि सतत कुरकुरणारा पंखा. मालक होते सासरेबुवा, आणि काम ओढायच्या त्यांच्या सूनबाई. बदलणे, फिरवणे, मागे घेणे या अर्थांची माझी पाने सर्वांत मळकी झाली, कारण माणसे ठरवतात कमी आणि फिरवतात जास्त. सासरेबुवा गिऱ्हाइकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "हा आमचा खरा हेडक्लार्क!" पुढे कॉम्प्युटर आला आणि हेडक्लार्क ओल्या डिंकाच्या पाकिटांवर वजन म्हणून बसू लागला. मी तेही सोसले.

सासरेबुवांचा एक नियम मात्र कॉम्प्युटर आल्यावरही हटला नाही. एका पानावर एक क्रियापद दोनदा येता कामा नये! "तोच तोच शब्द दिसला की लोक म्हणतात, यांना इंग्रजी येत नाही," असे ते सांगत. मग लाल पेन्सिल घेऊन ते मला उघडत आणि शेजारचा शब्द उचलून ठेवून देत.

एकदा दोन बहिणी आल्या. धाकटी परदेशात नोकरीला होती. तिची मुलगी थोरलीने, म्हणजे मावशीने, रांगती असल्यापासून वाढवली होती. शाळेत आणि दवाखान्यात सही करायचा अधिकार कागद करून मावशीच्या नावे दिलेला होता. आता त्या कागदात आईचेही नाव जोडायचे होते, एवढाच बदल. कागद परदेशातल्या कचेरीत जायचा, म्हणून इंग्रजीत हवा. सूनबाईंनी 'बदल' असेल तिथे तिन्ही वेळा 'अमेंड' लिहिले. सासरेबुवांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या जागी त्यांनी 'ऑल्टर' केले आणि तिसऱ्या जागी 'रिव्होक'. पान कसे नटूनथटून बसले!

सहीपूर्वी इंग्रजी मजकूर गिऱ्हाइकाला मराठीत वाचून दाखवायची ऑफिसची रीत होती. सूनबाई वाचत गेल्या आणि तिसऱ्या जागी अडखळल्या.

"मावशीला दिलेला अधिकार... काढून घेण्यात येत आहे."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "काढून? म्हणजे मी आता तिची कोणीच नाही?" ती बहिणीकडे वळली. "तू असं सांगितलंस यांना?"

"नाही गं ताई! तुझी शपथ!" धाकटी रडकुंडीला आली.

सासरेबुवांनी माझ्याकडे बोट दाखवले. "या पुस्तकाने घात केला. दोन्ही शब्द शेजारीशेजारी छापलेत. जुनं झालंय, फेकून द्या ते!"

मित्रांनो, मला हात असते तर मी टेबलावर मूठ आपटली असती. सूनबाईंनी मला ओढून घेतले आणि माझी बारीक ओळ सर्वांदेखत वाचली. "अमेंड, मूळ तसंच ठेवून सुधारणे. रिव्होक, दिलेलं परत घेणे. मामंजी, पुस्तकाने सांगितलंय. आपणच वाचलं नाही."

सासरेबुवा पुटपुटले, "पण एका पानावर तीनदा तोच शब्द? वाईट दिसतं."

"दिसू दे की!" मावशी कडाडली. "तुमचं पान देखणं दिसावं म्हणून मी माझी पोर सोडू का?"

सासरेबुवांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. पान पुन्हा टाइप झाले, तिन्ही जागी 'अमेंड'. मावशीने पेन हातात घेतले, पण सही केली नाही. "आधी मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "माझं नाव येतं तिथे जरा थांबा." सूनबाई तिथे थांबल्या. मग मावशीने सही केली.

मित्रांनो, मला जपा, मला कव्हर घाला, अशी भीक मी मागणार नाही. शब्द उचलताना त्याच्याखालची ओळ तेवढी वाचा. तेवढाही वेळ नसेल, तर मला उघडू नका. तुमचे पान सजवण्यासाठी कोणाच्या मावशीला पुसून टाकायला मी जन्माला आलेलो नाही.