बाळाचं आजोळ

“चाची, हे बाळ आपलं का परदेशी? एक काय ते सांगा बरं,” संगप्पा हवालदारानं विचारलं आणि साबेराचं डोकंच सटकलं.

“बाळ हाय. दूध पितंय, रडतंय, निजतंय. अजून काय पायजे तुमाला?”

संगप्पा तसा भला माणूस. लातूरच्या एसपी ऑफिसात परदेशी लोकांच्या नोंदीचं टेबल त्याच्याकडं. परदेशी म्हणजे कोण, तर कॉलेजात शिकायला आलेली दोन-चार पोरं. बाकी वर्षभर माश्या मारायच्या. पण नियमाचं म्हणाल तर गडी लई पक्का. परदेशी आई-बापाचं लेकरू इथं जन्मलं तरी त्याला राहायचा परवाना लागतो, वेगळा, त्याच्या स्वतःच्या नावाचा. तो नसेल तर आई-बापांच्या परवान्यावरही पुढच्या वर्षाचा शिक्का बसत नाही. आणि बाळाच्या आई-बापांचा, यासीन-अरवाचा परवाना तर या महिनाअखेरीस संपत होता. शिक्का नाही बसला की गाशा गुंडाळायचा आणि येमेनची वाट धरायची, तीही यासीनची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना.

यासीन बिचारा टेबलापाशी हात बांधून उभा. दिल्लीला जाऊन, वकिलातीत खेटे घालून त्यानं लेकीचा पासपोर्ट आणला होता. रीम नाव त्यावर, आणि बोटभर फोटो, डोळे मिटलेला. आता एवढा परवाना मिळाला की सुटलो, असं त्याला वाटून राहिलं होतं. कसलं काय!

संगप्पानं पडताळणीला मागवलेला दवाखान्याचा कागद पुढं सरकवला. “हितं काय लिहिलंय बघा. बाळाच्या आईचं माहेर लातूर. आईच्या वडलांचं नाव मकबूल. राष्ट्रीयत्व भारतीय. आता आई भारतीय तर बाळ भारतीय. मग त्याला परदेशी म्हणून मी परवाना देऊ कसा? आणि हिकडं पासपोर्ट येमेनचा! हे सांगितलं कुणी दवाखान्यात?”

यासीननं साबेराकडं बघितलं. साबेरानं छताच्या पंख्याकडं बघितलं.

सांगितलं होतं तिनंच. दुसरं कोण सांगणार?

गंजगोलाईच्या बाजारामागं साबेराचं घर. नवरा मकबूल पिंजारी, गाद्या भरणारा. मधल्या काळात त्या धंद्याला उतरती कळा लागली होती. मग लातुरात क्लासचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊन पडली, खोलीत चार-चार, आणि प्रत्येकाला गादी हवी! मकबूलला मान वर करायची फुरसत राहिली नाही. साबेरानं वरच्या खोल्या पोरांना दिल्या. दिवसभर डोक्यावर सूत्रं घोकल्याचा आवाज. त्यातलीच एक खोली रिकामी झाली तेव्हा संगप्पाच यासीनला घेऊन आला होता, “चाची, परदेशी हायत, कोणी ठेवून घेईना,” म्हणत. यासीनच्या मागं उंच, गोरीपान अरवा उभी. साबेरानं तिच्या पोटाकडं बघितलं आणि भाड्याचं बोलायचं विसरूनच गेली.

तिनं त्या पोरीचं काय काय केलं म्हणता! सातव्या महिन्यात सतवासा केला, ओटीत सात तऱ्हेची फळं घातली, हिरव्या बांगड्या भरल्या. अरवाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली हसायची, आणि साबेरा शिकवेल ते बोलायची. “अम्मी, पाठ लई दुखून राहिली,” असं येमेनची पोरगी म्हणाली की गाद्या न्यायला आलेली गिऱ्हाइकं तोंडाकडं बघत राहायची.

कळा सुरू झाल्या तेव्हा यासीन प्रॅक्टिकलला गेलेला. साबेरानं रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “सोबत कोण?”

“आई.”

“पहिलं बाळंतपण? माहेरी आलीय ना? वडलांचं नाव?”

“मकबूल.”

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे काय विचारायचं असतं? त्यानं भराभर लिहिलं, साबेरानं उर्दूत सही ठोकली. आत अरवा “अम्मी, अम्मी” करून ओरडत होती. त्या घडीला राष्ट्रीयत्व कुणाच्या ध्यानात राहणार?

“आता हे खोडायचं कसं?” साबेरानं संगप्पाला विचारलं.

“ज्यानं सांगितलं त्यानंच साहेबापुढं येऊन सांगायचं. की मी हिची आई न्हाई, माझं-हिचं काई नातं न्हाई. त्याचा जबाब होईल, मग पुढचं.”

“आन् दुसरा रस्ता?”

संगप्पानं डोकं खाजवलं. कॉलेज नांदेडच्या विद्यापीठाखाली येतं, तिथून एक पत्र आणा म्हणाला, यासीन आणि त्याची बायको कुठल्या देशाचे, कशासाठी आलेत. साहेबाला पटलं तर पटलं.

झालं! साबेरानं तेवढंच धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत ती यासीनला घेऊन बसली. मकबूल म्हणत होता, अगं पोरगा जाईल एकटा, तुझं काय काम? पण तिला घरात बसवेना. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. ती सारखी पदराचं टोक पिळत होती आणि यासीनला बजावत होती, “तिथं नीट सांग. शिक्का मोठा मार म्हणावं.” नांदेडला या इमारतीतून त्या इमारतीत, जेवणाची सुट्टी, सही करणारे मीटिंगमध्ये. तिनं एका शिपायाला चहा पाजला, दुसऱ्याशी भांडली. संध्याकाळी पत्र हातात पडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. येताना गाडीत ती यासीनला म्हणाली, “बघ, आता मला काई बोलायची गरज न्हाई.”

संगप्पानं पत्र वाचलं आणि दोनदा डोळे चोळले. “चाची, पत्र झकास हाय. पण दवाखान्यातलं बोलणं तसंच राहिलं ना. साहेब म्हणतेत, जबाब पायजेच. बाळ आन् बाळंतीण दोघींला घेऊन या. महिना संपत आलाय.”

मग मात्र साबेरा घरी येऊन आदळआपट करायला लागली. “चिल्ला झाला न्हाई अजून! चाळीस दिवसाच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडती का? ह्या पोलिसांला आयाबहिणी न्हाईत का?” तव्यावरची भाकरी करपली. वरच्या पोरांचं घोकणं थांबलं. शेवटी ती मकबूलपुढं येऊन उभी राहिली. “तुमी जाऊन सांगा की.”

मकबूल कापूस पिंजत होता. “मी काय सांगू? नातं तू लावलंस.”

“एवढंसं बोलायचं. पण माझ्या तोंडातून न्हाई निघायचं ते.”

मकबूलनं हातातलं काम थांबवलं. का निघायचं नाही, ते त्याला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक नाजिया किल्लारीकडच्या एका गावात दिली होती. तिचा सतवासा झाला होता आणि पहिल्या बाळंतपणाला तिला घरी आणायचं होतं. साबेरा म्हणत होती लगेच आणू. मकबूल म्हणाला, हातात एक काम आहे, शुक्रवारी आणू. गुरुवारी पहाटे जमीन हलली. तेव्हापासून मकबूल शुक्रवारी पिंजणीला हात लावत नाही, नमाज पढून नुसता बसून राहतो. तो कधी बोलला नाही आणि साबेरानं कधी विचारलं नाही. त्या गावात पंचनामा करणाऱ्या माणसानं चादर बाजूला करून विचारलं होतं, “ही तुमची कोण?” साबेराच्या घशातून आवाजच फुटला नव्हता. मकबूलनंच सांगितलं होतं. पुढं लोक भेटायला आले, रडले, गेले. लेक गेली, हे साबेरानं एकदाही तोंडानं म्हटलं नाही. आणि इतक्या वर्षांनी दवाखान्याच्या खिडकीत विचारल्याबरोबर “आई” हा शब्द आपसूक बाहेर पडला होता. आता तोच परत घ्यायचा होता.

“न्हाई सांगितलंस तर पोरीला इथनं काढतेल,” मकबूल हळूच म्हणाला. “ओल्या बाळंतिणीला.”

साबेरा उठली. रीमला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, अरवाच्या कानाला फडकं बांधलं, आणि बाहेरची बाधा होऊ नये म्हणून अरवाच्या उशाखालचा अडकित्ता पिशवीत टाकला. एसपी ऑफिसच्या दारात पोलिसानं पिशवी तपासली आणि अडकित्ता वर धरून विचारलं, “हे काय, मावशी?”

“सुपारी खाते मी!” साबेरा खेकसली. पोलीस मागं सरकला.

साहेब तरुण होता, अदबीचा. त्यानं अरवाला आधी खुर्ची दिली, तिच्या अंगावर वारं येऊ नये म्हणून पंखा दुसरीकडं वळवला. मग समोरच्या लेखनिकाला खूण केली आणि साबेराकडं बघून साधंच विचारलं,

“आजी, ही तुमची कोण?”

तेच शब्द. साबेरानं टेबलाची कड धरली. अरवा तिच्याकडं बघत होती, मांडीवर रीम, तोंडाशी मूठ नेणारी. यासीन भिंतीला टेकून खाली बघत होता.

“कोणी न्हाई,” साबेरा म्हणाली.

“जरा मोठ्यानं सांगा. तुमची मुलगी आहे का?”

“न्हाई.”

“रक्ताचं काही नातं?”

“न्हाई. भाडेकरू हाय. येमेनची हाय.”

“मग दवाखान्यात आई म्हणून का सांगितलं?”

लेखनिकाचा हात थांबला होता. साबेरानं ओठ दाबले. डोळे घळाघळा वाहायला लागले, पण आवाज मात्र आला, खणखणीत आला.

“माझी मुलगी नाजिया. ती भूकंपात गेली, साहेब. पोटुशी होती. ती गेली. ही माझी मुलगी न्हाई.”

साहेबानं लेखनिकाला म्हटलं, “एवढंच लिहा, गैरसमजुतीनं सांगितलं.” आणि आपल्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास साबेराकडं सरकवला. तिनं उर्दूत सही केली, तशीच ठोकून. दवाखान्याचा कागद दुरुस्त करायचा आदेश निघाला. तासाभरानं संगप्पानं रीमच्या परवान्यावर शिक्का मारला, मग आईच्या, मग बापाच्या. शेवटी एक रकाना राहिला होता.

“हितं लातुरात जबाबदार कोण, ते लिहावं लागतंय,” तो चाचरत म्हणाला. “चाची, तुमचं टाकू?”

“मग काय तुमचं टाकता?” साबेरा नाक पुसत म्हणाली. “घरमालकीण लिवा.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. यासीन रिक्षा बघायला पळाला. अरवा पायरीवर थांबली. तिला मराठी थोडी थोडीच समजत होती, पण समजत होती.

“अम्मी, तू आत लई वेळा न्हाई म्हणाली. न्हाई, न्हाई. काय न्हाई?”

“भाड्याचं बोलून राहिले होते,” साबेरा म्हणाली.

अरवानं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. तिनं रीमला साबेराच्या हातात दिलं आणि तिच्या पदरानंच तिचे डोळे पुसले.

साबेरानं बाळाच्या तोंडावर पदर ओढला आणि अरवाला रागे भरली, “चल सावलीत हो आधी. ओल्या बाळंतिणीनं असं उन्हात उभं राहू नये.”