थंड बाजू

"आता किती?" काचेच्या पेटीमागून प्रल्हादरावांनी विचारलं.

मीनाक्षीने चष्मा सावरला आणि पेटीतल्या थर्मामीटरांकडे वाकून पाहिलं. "दिव्याखाली एकशे वीस. ह्या कोपऱ्यात सत्त्याहत्तर."

"सत्त्याहत्तर चालणार नाही."

"मग नका चालवू," ती म्हणाली आणि तिने हात पुन्हा शालीत ओढून घेतले.

प्रल्हादराव गालिच्यावर पालथे पडले होते. गुडघे दुखतात म्हणून देवापुढेही खुर्ची घेऊन बसणारा हा माणूस गेले काही दिवस एका सरड्यापायी जमिनीवर लोळत होता. ऊब आत टिकावी म्हणून त्यांनी निळ्या फोमचा आणखी एक तुकडा कापला, पेटीच्या पाठीला लावला, वरून चंदेरी टेप दाबून बसवली आणि पुन्हा विचारलं, "आता?"

"अहो, आत्ता तर लावलंत. जरा दम धरा."

खरं म्हणजे स्वानंदीला कुत्रा हवा होता. नऊ वर्षांच्या नातीला कुत्रा हवा आणि तिच्या आईला, म्हणजे नेत्राला, काहीच नको, अशी ओढाताण वर्षभर चालली होती. नेत्राच्या अपार्टमेंटमध्ये कुत्री-मांजरं ठेवायला परवानगी नव्हती. शेवटी तडजोड सरड्यावर झाली, आणि शाळा सुटल्यावर स्वानंदी आजी-आजोबांकडेच असते म्हणून सरडाही त्यांच्याकडेच राहायचं ठरलं. मीनाक्षीने अट एकच घातली. दुकानातल्या मुलाने सरड्याचं खाणं म्हणून वळवळत्या किड्यांचा डबा उघडून दाखवला, तेव्हा ती मागे सरकून म्हणाली होती, "हे माझ्या घरात येणार नाही." मग प्रल्हादरावांनी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून चक्क शाकाहारी सरडा शोधून काढला. वाळवंटातला, जाड काटेरी शेपटीचा, मेथीची पानं खाणारा. त्याला ऊब तेवढी भरपूर लागायची.

"तळाशी मसुरीची डाळ पसरतात म्हणे," प्रल्हादराव एकदा वाचता वाचता म्हणाले होते. "चालायलाही होते, खायलाही होते."

"डाळ? पायाखाली?"

एवढंच ती म्हणाली, पण तळाला डाळ पडली नाही. स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा उरलेल्या फरशा त्यांनी बेसमेंटमधून वर आणल्या. मीनाक्षीने आपली फुटकी मातीची कुंडी दिली. ती आडवी ठेवल्यावर सरड्याला लपायला गुहा झाली.

"हे बघ," परवा प्रल्हादराव स्वानंदीला समजावून सांगत होते, "ह्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नसते. म्हणून पेटीची एक बाजू गरम ठेवायची आणि एक थंड. त्याला हवं तसं तो फिरेल. आपण ठरवायचं नाही, आपण फक्त दोन्ही बाजू द्यायच्या."

"अन् ज्यांच्या अंगात भट्टी आहे पण पेटत नाही, त्यांनी काय करायचं?" मीनाक्षी ओट्यापाशी मेथी निवडता निवडता म्हणाली. ते मेथीलाच ऐकू गेलं.

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या ह्या घरात पारा सहासष्ट फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्याकडच्या जेमतेम एकोणीस अंशांवर, असायचा. प्रल्हादराव थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. हॉलच्या भिंतीवरचा गोल सोनेरी डायल त्यांच्याच विभागातून आलेला होता, आणि घरातला देव कुठला असं कुणी विचारलं असतं तर मीनाक्षीने आधी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं. नवं लग्न होतं तेव्हा ती एकदा भांडली होती. "ज्याला थंडी वाजते त्याला स्वेटर घालता येतो," ते शांतपणे म्हणाले होते, "ज्याला गरम होतं त्याने काय कातडी उतरवायची?" ह्यावर नागपूरच्या मुलीला उत्तर सुचलं नव्हतं. आणि माणूस लबाड नव्हता. सत्तरच्या वर पारा गेला की त्यांचं डोकं खरोखरच चढायचं, कपाळाला रुमाल बांधून पडून राहायचे.

उत्तर तिला पुढे सुचलं आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली की ती डायल चौऱ्याहत्तरवर न्यायची. मग दिवसभर घर तिचं. सुती साडी, उघडे पाय, हातात मासिक. बाहेर गुडघाभर बर्फ असलं तरी तिला त्याचं काही वाटत नसे. पाचच्या सुमारास फोन वाजायचा. "निघतो आहे," एवढंच म्हणून ते फोन ठेवायचे. ती आधी डायल सहासष्टवर आणायची, मग चहाचं आधण ठेवायची. अशी कितीतरी वर्षं निघाली आणि एकदाही ती सापडली नाही. तिला ह्याची टोचणी कमी होती आणि अभिमानच जास्त होता.

जूनमध्ये प्रल्हादराव निवृत्त झाले. उन्हाळ्यात काही कळलं नाही. नोव्हेंबर आला आणि तिच्या लक्षात आलं की आता कोपऱ्यावरून वळणारी गाडीच नाही. सकाळी सहासष्ट, दुपारी सहासष्ट. बोटं आखडायला लागली. तक्रार करायची तर इतकी वर्षं काय केलं तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा नागपूर सोपं होतं. धाकट्या बहिणीच्या, मालिनीच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. डिसेंबरपासून मार्च संपेपर्यंत तिच्याकडे जाऊन राहायचं तिने ठरवलं.

"जा की," प्रल्हादराव पेपरमागून म्हणाले होते. त्या संध्याकाळी पेपरचं पान काही उलटलं नाही. लग्न झाल्यापासून दोघं इतके दिवस वेगळी कधी राहिली नव्हती. रिकाम्या घरात हा माणूस काय खाईल, कुणाशी बोलेल, ह्याने तिचाही जीव खालीवर होत होता. पण एकदा बोलून गेल्यावर मागे कसं फिरायचं ते तिला कळत नव्हतं, आणि "नको जाऊस" म्हणायला प्रल्हादरावांची जीभ उचलत नव्हती. नेत्रा शुक्रवारी तिकीट काढणार होती.

"आता बघ," प्रल्हादराव म्हणाले.

मीनाक्षी वाकली. "ब्याऐंशी."

"जमलं." सोफ्याचा आधार घेत ते उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा ऑफिसातून आल्यासारखा दिसत होता. "बाहेर सहासष्ट, आत ब्याऐंशी. घराला बोटसुद्धा लावावं लागलं नाही."

स्वानंदीने सरड्याला अलगद आत सोडलं. तो थोडा वेळ दगडासारखा बसला, मग सरपटत दिव्याखालच्या फरशीवर गेला आणि अंग पसरून पार चपटा झाला.

"ही इज सो फ्लॅट, आजी," स्वानंदी कुजबुजली. "लाइक भाकरी."

अशा रीतीने त्याचं नाव भाकरी पडलं.

शुक्रवारी सकाळी मीनाक्षीने पलंगाखाली पाय टाकले आणि ते गार पडले नाहीत. आधी तिला वाटलं, अजून झोपेतच आहोत. ती हॉलमध्ये आली. डायलचा काटा चौऱ्याहत्तरवर होता. प्रल्हादराव अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पेटीसमोर बसले होते.

"घर तापवलंत?"

"हं." त्यांनी मान वर केली नाही. "भाकरीला बरं."

"भाकरीला."

"वाळवंटातला जीव आहे गं."

रागावली की मीनाक्षीची बोली थेट नागपूरला जाऊन पोचायची. "अन् मी काय हिमालयातून आली होती? मला म्हणे स्वेटर घाल. चार दिवसांचा सरडा, त्याच्यासाठी काटा हलला. माझ्यासाठी कधी हलला नाही तो."

प्रल्हादरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि तिने नेत्राला फोन लावला.

"आजच्या आज तिकीट कर माझं."

"आई, संध्याकाळी स्वानंदीला न्यायला येते तेव्हा बसून करू ना. झालंय काय?"

"काही नाही. मालिनी एकटी आहे."

दिवसभर दोघं घरात एकमेकांना वळसा घालून वावरली. सगळ्यांत राग कशाचा यावा, तर तिला बरं वाटत होतं ह्याचा. पाठीतली कळ गेली होती, बोटं सुटी झाली होती. एकदा नकळत तिने शाल काढून ठेवली आणि त्यांच्या पावलांचा आवाज येताच घाईने पुन्हा पांघरली. सरड्याच्या कृपेची ऊब आहे ही, तिने स्वतःला बजावलं. तीनच्या सुमारास प्रल्हादराव कपाळ चोळत हार्डवेअरच्या दुकानात निघून गेले.

स्वानंदी शाळेच्या बसमधून उतरली ती थेट पेटीकडे धावली. मीनाक्षी दूध घेऊन आली तेव्हा गालिच्यावर निळ्या फोमचे तुकडे पडलेले होते. इतक्या निगुतीने लावलेला, आता जागोजाग कापून काढलेला फोम.

"हे कुणी फाडलं?"

"आजोबांनी. सकाळी बसस्टॉपवर जाताना आम्ही इथे थांबलो ना, तू झोपली होतीस, तेव्हाच काढत होते." स्वानंदी काचेला नाक लावून आकडा वाचत होती. "कूल साइड अजूनही नाइन्टी आहे. टू हॉट. ही हॅज नोव्हेअर टू गो."

"काल तर ब्याऐंशी होते. मीच वाचले."

"काल घर थंड होतं ना. नाऊ द हाउस इज वॉर्म, सो सगळं बिघडलं. म्हणून आजोबा छोटा बल्ब आणणार म्हणाले होते."

मीनाक्षी दुधाचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. "म्हणजे भाकरीला घर गरम नको होतं?"

"नाही. ही वॉज परफेक्ट."

"मग त्यांनी गरम केलं कशाला?"

स्वानंदीने खांदे उडवले. "मे बी आजोबांना थंडी वाजत असेल."

प्रल्हादरावांना थंडी. मीनाक्षीला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. तिने पेला टेबलावर ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. पाचला काही मिनिटं कमी होती.

"निघतो आहे," प्रल्हादराव म्हणाले आणि फोन ठेवला.

तिचे पाय आपोआप हॉलकडे वळले, हात आपोआप डायलवर गेला. काटा चौऱ्याहत्तरवर होता. बहात्तरवर नाही, पंचाहत्तरवर नाही. हा आकडा तिने ह्या घरात कधी तोंडातून काढला नव्हता, नेत्रापाशी नाही की फोनवर मालिनीपाशी नाही. डायल फिरवायची तेव्हा घरात दुसरं कुणी नसायचं.

बोटं डायलवर तशीच राहिली. घर गार व्हायला किती वेळ लागतो हे मोजण्यात ज्याने उभा जन्म घालवला, तो माणूस रोज निघायच्या आधी फोन करायचा. चहासाठी करतात असं तिला वाटायचं. पण चहा तर ते पार निवल्याशिवाय तोंडाला लावत नसत. आणि बर्फ पडलेलं असलं की घरात पाऊल टाकायच्या आधी फावडं घेऊन आपला ड्राइव्हवे साफ करायचे, तो झाला की शेजाऱ्यांचा. ती खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, कोण ही हौस, आत यायचं सोडून. आत आले की नाक लाल, हात गारठलेले, आणि कपाळ मात्र कधी दुखत नसे. तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण ह्यांना फसवतो आहोत असं समजून ती मजेत होती, आणि ते बाहेर उभे राहून तिची फसवणूक सांभाळत होते.

तिने डायलवरून हात काढला. काटा होता तिथेच राहू दिला.

"स्वानंदी, जरा इकडे ये. ह्या खुर्चीला हात लाव."

"कुठे नेतोय आपण?"

"उत्तरेच्या खिडकीपाशी."

प्रल्हादराव आले तेव्हा त्यांच्या आरामखुर्चीची जागा रिकामी होती. खुर्ची जेवणाच्या टेबलापलीकडे खिडकीला लागून ठेवली होती आणि खिडकी दोन बोटं उघडी होती. बल्बची पिशवी हातात घेऊन ते बघत राहिले.

"ही इथे कशी?"

"तिथे गार आहे. बसा."

ते बसले. मानेवर वारा आला तसे त्यांचे आक्रसलेले खांदे हळूहळू खाली आले. मीनाक्षीने चहा आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवला, लवकर निवावा म्हणून.

"आजी, वी आर लेटिंग द हीट आउट," स्वानंदी म्हणाली. तिच्या आजोबांनी हेच तिला शंभरदा सांगितलं होतं. आजोबांनी डोळे मिटून मान मागे टेकली.

नेत्रा आली ती लॅपटॉप उघडतच. "आई, बस इथे. तारीख सांग."

"मार्चचा शेवटचा आठवडा."

"परत येण्याची?"

"जाण्याची. ऑपरेशनला मालिनीची सून रजा घेते आहे, तिने सांगितलंय मला. मालिनी बरी होऊन फिरायला लागली की जाईन."

"अगं, मार्चअखेर नागपूर तापायला लागतं."

"तापू दे. आणि ह्यांना विचार येतात का ते. तिथेही थंड बाजू बघून बसवू."

नेत्रा आईकडून वडिलांकडे बघत राहिली. प्रल्हादरावांनी कप उचलला, फुंकर घातली आणि पुन्हा ठेवला.

"दुकान दहा मिनिटांवर," मीनाक्षी त्यांना म्हणाली. "फोन कशाला केलात?"

"चहा टाकायला."

"चहा तुम्ही गार करून पिता."

"हं," प्रल्हादराव म्हणाले. मग हात लांब करून त्यांनी खिडकी एक बोटभर लावून घेतली, तिच्या बाजूला झोत जात होता म्हणून.

मीनाक्षीने शाल काढली, घडी घातली आणि त्यांच्या देखत त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर टाकली.